श्वसनोपचारकाच्या खिशांत



इस्पितळांतील श्वसनोपचारकाच्या खिशांत साधनें थोडकींच असतात: छाती ऐकावयाची नळी, बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर आणि सेकंदकांट्याचें घड्याळ. नळी ऑक्सिमीटरहून वडील. १८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक या वैद्यानें कागदाची गुंडाळी छातीस लावून तिचा आरंभ केला. ऑक्सिमीटरची कल्पना मात्र १९७० नंतरची, जपानांतील ताकुओ आओयागी यांची. तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटांतून जातात आणि रक्तांतील प्राणवायूचा हिशेब आंकड्यांत उमटतो.

२०२० च्या साथींत हें यंत्र आपल्या घरोघरीं आलें, आणि आंकड्यावर आपला भारीच विश्वास बसला! परंतु बोटें गार असलीं वा नखें रंगविलेलीं असलीं, कीं तो फसवितो. काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो कधीं कधीं खऱ्याहून अधिक दिसतो, असें त्याच वर्षीं अमेरिकेंतील संशोधनांत आढळलें. आपण सांवळ्यांनीं तें ध्यानांत ठेवलेलें बरें.

म्हणून घड्याळ. रोग्यास न सांगतां त्याच्या छातीचें वरखालीं होणें पूर्ण मिनिटभर मोजावें. स्वस्थ प्रौढाचे श्वास १२ ते २० भरतात. यंत्र ९६ दाखवीत असतां श्वास ३० भरले, किंवा बोलतांना वाक्य तुटूं लागलें, तर यंत्र पुनःपुन्हां लावीत बसूं नये. आमच्या काशीदहून जिल्हा रुग्णालय गांठावयाचें म्हणजे अलिबागेस जावें लागतें. गाडी तत्काळ बोलवावी.