मागच्या वाटेवरचा पहारा

विरारच्या मनवेलपाड्यात आमच्यासारख्या इमारतींमध्ये घराच्या दाराला लॅच असतो, त्याच्यापुढे सेफ्टी डोअर. पाइपांच्या डक्टचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. प्लंबर तिथून गच्चीपर्यंत चढतो आणि बाथरूमच्या खिडक्या तिकडेच उघडतात!

संगणकातही असा डक्ट असतो. आपली फाइल कोणी उघडायची, हे ऑपरेटिंग सिस्टीम एकेका फोल्डरच्या दाराशी तपासते. पण डिस्कची दुरुस्ती किंवा सगळ्या फाइलींचा बॅकअप अशा कामांत दर दाराशी थांबणे परवडत नाही. म्हणून लिनक्समध्ये वेगळी वाट आहे. फाइलचा अंतर्गत क्रमांक दिला की फोल्डर न ओलांडता ती थेट उघडते. अर्थात, त्यासाठी खास अधिकार लागतो.

हा अधिकार भलत्याकडे गेला तर? डॉकर नावाच्या सोयीत एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत बंद ठेवतात. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा अधिकार कप्प्यातल्या प्रोग्रॅमकडे राहून गेला होता. आतला प्रोग्रॅम क्रमांक धुंडाळत मूळ यंत्राच्या पासवर्डच्या फाइलपर्यंत पोचू शकतो, हे २०१४ साली उघड झाले.

दुसरे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते. एक्सएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९०च्या दशकात बनवली. पुढे ती लिनक्समध्ये आली, सोबत फाइलसाठी आगाऊ जागा राखण्याची एक जुनी आज्ञाही आली. फाइल पुसली तरी तिचा मजकूर डिस्कवर काही काळ पडून राहतो, हे आपल्याला ठाऊक असेल. ही आज्ञा फाइल वाढवताना काही वेळा ती जागा कोरी न करताच हाती देई. त्यामुळे दुसऱ्याच्या मजकुराचे तुकडे साध्या वापरकर्त्यालाही दिसू शकत. खास अधिकाराची गरजच नव्हती! हा दोष २०२१ साली सापडला. दुरुस्तीनंतर, २०२२ मध्ये, ती आज्ञाच काढून टाकली गेली. मला हेच योग्य वाटते. तेच काम करणारी नवी सोय असताना जुनी वाट कशाला उघडी ठेवायची?

छोट्या कार्यालयांत देखभालीला येणाऱ्याला मुख्य पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात. त्याऐवजी त्याच्या कामापुरते वेगळे खाते उघडावे, काम संपताच बंद करावे आणि त्याने काय काय उघडले याची नोंद दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. त्याच यंत्रावर ठेवली, तर मुख्य अधिकार असलेला माणूस ती पुसूही शकतो.