कंबर नव्हे, गुडघा

मी हिंगोली जिल्ह्यातली, नर्सी नामदेवजवळच्या एका खेड्यातली. नोकरीनिमित्त पुण्यात राहते. वयाच्या 42व्या वर्षी मी साल्सा नाच शिकायला गेले. गावाकडे हे कळलं तेव्हा माय फोनवर एवढंच म्हणाली, "काहून गं, परक्या माणसाचा हात धरून कंबर हलवायची?" पुढे दोन महिने हा विषय आमच्यात निघालाच नाही.

खरं तर कंबर हलतच नव्हती! मोजणी सोपी होती. पहिल्या ठोक्याला उजवा पाय मागे, दुसऱ्याला वजन पुन्हा डाव्यावर, तिसऱ्याला उजवा जवळ, चौथ्याला थांबायचं. मग तेच डाव्या पायाने, पण पुढे. मी मुद्दाम कंबर हलवायचे आणि आरशात बघून मलाच हसू यायचं. शेवटी शिक्षक म्हणाले, "कमरेचा विचार सोडा. गुडघा वाकवून पाऊल टाका, वजन घेत पाय सरळ करा." तसं केलं, तर कंबर आपसूक त्या बाजूला सरकली.

गुडघा असा सैल ठेवण्याची रीत मूळची आफ्रिकेतली. गुलाम करून क्यूबाच्या ऊसमळ्यांत आणलेल्या माणसांनी ती सोबत आणली. मराठवाड्याला ऊसतोड समजावून सांगायला नको. पण तिथे माणूसच विकला जाई, आणि तेही 1886पर्यंत. त्यांचे ताल आणि स्पॅनिश लोकांची गिटार, गाणी यांतून 'सोन' हे संगीत घडलं. काही ठिकाणी ढोलाऐवजी मासळीची रिकामी खोकीही वाजवत. पुढे न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांत त्याला इतर तालांची जोड मिळाली आणि 1970च्या दशकात 'साल्सा' हे नाव रूढ झालं. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे सॉस. आपण रस्सा म्हणू.

दिवाळीत माय पुण्याला आली. स्वयंपाकघरात हवेत हात धरून माझी गिरकी चालली होती. ती जमत नव्हती. माय बराच वेळ बघत होती. मग उठून तिने माझे हात धरले.

"हात असा मेल्यावानी काहून धरते? पंचमीच्या फुगडीत असा धरला असता तर दोघीबी पडल्या असत्या."

साल्सात फुगडीसारखा तोल मागे टाकत नाहीत, हे खरं. पण समोरच्याचं वजन आपल्या हाताला कळलं पाहिजे, एवढा ताण दोन्हीकडे लागतोच. पुढच्याच आठवड्यात माझी गिरकी नीट बसली.

जाताना माय म्हणाली, "शीक बाई. गावात मात्र कोणाला सांगू नको."

आता रेडिओवरच सांगून बसले.