जीर्णोद्धार : चुना की सिमेंट?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वाडवडिलांनी वर्गणी गोळा करून उभारलेल्या धर्मशाळेच्या दुरुस्तीचा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे. जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढावा, दर्जा सिमेंटने भराव्यात आणि भिंतींस आतबाहेर सिमेंटचा गिलावा करावा, अशी सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु पैसा खर्चून वास्तूचे आयुष्य वाढण्याऐवजी घटण्याचा संभव असल्यास त्याचा विचार आधी व्हावा, एवढ्यासाठी आम्ही चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागितली आहे.

प्रथम चुन्याचा धर्म पाहू. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यातील कार्बनडायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० शेर घेतली तर कळीचा चुना ५६ शेरच उरतो. ही कळी पाण्यात विझवून, वाळू घालून, बैलाच्या घाणीत मळली की बांधकामाचा चुना तयार होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो. अग्नीने जे हिरावले ते वायू परत देतो, असे म्हटले तरी चालेल. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली तर चुन्यास ओलाव्यातही घट्ट होण्याचा गुण येतो. म्हणूनच हौद आणि तळघरे यांच्या कामी जुने गवंडी सुरखीचा चुना वापरीत.

सिमेंटचा धर्म निराळा आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हे सिमेंट लवकर घट्ट होते आणि फार कठीण होते. नव्या धरणांस, पुलांस व इमारतींस ते उपकारक ठरले आहे आणि त्याची निंदा करण्याचा आमचा उद्देश नाही. प्रश्न एवढाच आहे की, जुन्या भिंतीशी त्याचे जमते काय?

जुन्या भिंतीस पायातून आणि पावसातून ओल येणारच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ओल बाहेर पडून सुकते. त्यावर सिमेंटचा थर चढविला म्हणजे वाट बंद होते. ओल आत कोंडते, वर चढते आणि विटेतील व नरम दगडातील क्षार स्फटिकरूप होऊन त्यांचे पोपडे पाडतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आतून ती भुसभुशीत होत जाते. दुसरे असे की, ऊनथंडीने भिंत थोडीफार हलते. चुना तेवढे सहन करतो, बारीक भेगा स्वतःवर घेतो. सिमेंटची दर्ज हटत नाही, म्हणून वीट फुटते. दर्जेने झिजावे आणि दगडाने टिकावे, हा जुन्या बांधणीचा न्याय आहे. दर्ज पुन्हा भरता येते, कोरीव दगड पुन्हा मिळत नाही.

अधिक बळकट वस्तू घातली की वास्तू अधिक बळकट होते, ही समजूत परदेशीही महाग पडली आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा जीर्णोद्धार विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस यांनी केला. प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे दगड जोडताना लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते. नव्या कामात ती काळजी राहिली नाही. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. १९७५ साली तेथे नवी समिती स्थापन झाली. तिच्या देखरेखीखाली त्या पट्ट्या काढून न गंजणाऱ्या टायटॅनियम धातूच्या बसविण्यात आल्या. एका पिढीचा जीर्णोद्धार दुसऱ्या पिढीस निस्तरावा लागला.

याचा अर्थ जुने ते जसेच्या तसे ठेवावे, असा मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तेथील घरांच्या भिंती जाड दगडी होत्या. पण पुष्कळ ठिकाणी आतला व बाहेरचा असे दोन पदर आणि मध्ये मातीची व धोंड्यांची भर, असा प्रकार होता. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचा भार होता. हादरा बसताच पदर सुटले. तेव्हा जाडी म्हणजे बळकटी नव्हे. आपल्या धर्मशाळेच्या भिंतीही दुपदरी असतील तर त्यांस आरपार दगडांनी सांधणे, कोपरे एकमेकांस बांधणे, पोकळी चुना-सुरखीच्या पातळ घोळाने भरणे आणि छपराचा अनावश्यक भार उतरविणे, हे खरे बळकटीकरण होय. बाहेरून सिमेंट फासल्याने यांपैकी काहीही साधत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रथम छप्पर, पन्हळी आणि पायाजवळ साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. गळती चालू असता कोणताही गिलावा टिकत नाही. नंतर जुन्या चुन्याचा तुकडा तपासावा. सौम्य आम्लात चुना विरघळतो आणि वाळू व सुरखी तळाशी राहते. त्यावरून मूळ प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर मात्र तो फसतो, म्हणून जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. साधारणतः एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू-सुरखी, असे प्रमाण असते. काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर काढावे आणि गिलावा कित्येक दिवस ओलसर राखावा.

चुन्याचे काम सावकाश होते, त्यास अधिक मजुरी पडते आणि ते जाणणारे गवंडी विरळा झाले आहेत, हे आक्षेप खरे आहेत. परंतु मागणी राहिली तरच विद्या राहते. एका कुशल गवंड्याच्या हाताखाली आपल्या ज्ञातीतील दोन तरुण मुले शिकावयास ठेवली, तर वास्तूबरोबर एक विद्याही वाचेल.

ही धर्मशाळा बांधणाऱ्यांनी ती आपल्यापुरती बांधली नव्हती. आपणही दुरुस्ती अशी करू की, पन्नास वर्षांनी जे येथे जमतील त्यांना आपले काम उकरून काढावे लागू नये, त्यावर पुढचे काम करता यावे. सभेने ठराव घाईने संमत न करता छोटी समिती नेमावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.