औद्योगिक अभिकल्प : एका नव्या धंद्याची पहिली पायरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



यंदाच्या गुणगौरवाची यादी मंडळापुढे आली तेव्हा तीत नेहमीप्रमाणे डॉक्टर होते, अभियंते होते, एक सनदी लेखापालही होते. यादीच्या तळाशी मात्र एका मुलीच्या नावापुढे अशी पदवी होती की, ती वाचून मंडळातील जाणते सभासदही एकमेकांकडे पाहू लागले. ‘बॅचलर ऑफ डिझाइन’, आणि पुढे ‘औद्योगिक’. कोणी म्हणाले, हे शिवणकामाचे असावे. कोणी म्हणाले, घराच्या सजावटीचे. एका सद्गृहस्थांनी तर, असल्या पदवीस इंजिनियरच्या बरोबरीचे पारितोषिक द्यावे काय, असा रोखठोक प्रश्न केला. त्याचे उत्तर आज द्यावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेलेले. शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु या मुलीस आम्ही चौथीपर्यंत शिकविले आहे, तिच्या आजोबांच्या कामशाळेत आमचे जाणेयेणे जुने आहे, आणि गेल्या वर्षभरातील तिची धडपड आम्ही जवळून पाहिली आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. सरकारी बांधकाम खाते ‘संकल्पचित्र’ म्हणते, विद्वान ‘अभिकल्प’ म्हणतात आणि कारखान्यात सर्वजण ‘डिझाइन’ म्हणतात. आम्हांस तिन्ही चालतील. अर्थ एकच : जी वस्तू यंत्रावर हजारोंनी निघावयाची आहे, तिचा आकार, वजन, पकड, जाडी, तिचे भाग एकमेकांत कसे बसावेत आणि ती बिघडल्यास कशी उघडावी, हे ती निघण्यापूर्वी ठरविणे. फवारणीच्या पंपाचे उदाहरण घ्या. त्यात दाब किती निर्माण होईल, हे अभियंता पाहतो. परंतु सोळा लिटर औषधपाणी पाठीवर घेऊन बाई द्राक्षबागेत उभी राहिली म्हणजे पट्टा तिच्या खांद्यात रुततो काय, हातमोजे घातलेल्या हाताने झाकण फिरते काय, ओतताना सांडलेले औषध पाठीवरून ओघळते काय, हे पाहणाराही कोणी तरी लागतो. तो हा धंदा.

आता आपण सुतार. हे काम आपणांस सर्वस्वी नवे आहे काय? गावचा सुतार तिफण करावयास बसे तेव्हा जमीन काळी की मुरमाड, पेरावयाचे काय, बैल उंच की ठेंगणे, हे आधी विचारून घेई आणि त्यावरून फणांतील अंतर नि दांडीची लांबी ठरवी. चाडे किती उंचीवर यावे, हे पेरणाऱ्या बाईकडे पाहून ठरे. कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. पण ज्याने वापरावयाचे त्याचे माप घेऊन वस्तू घडवावयाची, ही रीत होती. फरक एवढाच की, तो एका शेतकऱ्यासाठी एक तिफण करी आणि ती चुकली तर पुढल्या पेरणीस दुरुस्त करून देई. कारखान्यातील वस्तू ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा लाखभर माणसांच्या हाती जाते. साचा एकदा पोलादात कोरला म्हणजे चूकही लाखभर घरांत जाते. म्हणून तेथे माप घेण्याची विद्या निराळी शिकावी लागते. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय स्त्रीपुरुषांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध केला, तो याचसाठी. परदेशी मापावर बेतलेली खुर्ची आपल्या बायकांना उंच का होते, हे त्यावरून कळते.

या विद्येचा महाराष्ट्रातील आद्य पुरुष कोण, असे कोणी विचारल्यास आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेऊ. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर चित्रे सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तोच विषय शिकवू लागले. नोकरी सोडून बेळगावास आले, आणि १९०३ च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, या समजापायी तो पहिली दोन वर्षे विकला गेला नाही, असे सांगतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. येथे एक गोष्ट आपल्या समाजाने लक्षात घ्यावी. त्या नांगराने आपल्याच आजा-पणजांच्या लाकडी नांगराचे, इसाडाचे नि रुमण्याचे काम कमी केले. बलुत्याची ज्वारी आटली ती केवळ शेतकऱ्याच्या कृपणपणाने नव्हे. कोणी तरी नवी वस्तू योजतो आणि जुनी करणाऱ्याचे हात रिकामे होतात. मग योजणाऱ्यांत आपली मुले असावीत की नसावीत, एवढाच प्रश्न उरतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने अमेरिकेतील चार्ल्स व रे इम्स या दांपत्यास पाचारण केले. १९५८ च्या त्यांच्या अहवालात सर्वांत अधिक वाखाणणी कशाची असावी? आपल्या साध्या तांब्याची. तो डोक्यावर नि कडेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, आत हात घालून घासता येतो की नाही, याचा विचार त्या परक्या माणसांनी केला. त्यातून १९६१ साली अहमदाबादची संस्था निघाली. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली याच विषयाचे केंद्र सुरू झाले, जे. जे. त व नंतर जर्मनीतील उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याचे प्रवर्तक. आपण ज्या यंत्राचे निळे बटन दाबून मत देतो, त्याचे बाह्य रूप सिद्ध करण्यात याच केंद्रातील प्राध्यापकांचा हात आहे. अक्षरशत्रू म्हाताऱ्यासही न गोंधळता वापरता आले पाहिजे, ही त्या कामातील खरी अट होती. ज्यांना ही विद्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात, त्यांनी जयपूरचा कृत्रिम पायही आठवावा. १९६८ च्या सुमारास तो घडला, तो डॉ. सेठी या शस्त्रवैद्याच्या व रामचंद्र शर्मा या कारागिराच्या सहकार्याने. विलायती पायाने मांडी घालता येत नव्हती, अनवाणी चिखलात जाता येत नव्हते. याने दोन्ही साधले.

असो. आता त्या मुलीकडे वळतो. तिचे नाव व्यासपीठावरून घेतले जाईलच. आम्ही घेत नाही, कारण पुढे घरातल्याही गोष्टी येतील.

तिचे आजोबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुनेकार, म्हणजे पॅटर्नमेकर. बीड ओतण्यापूर्वी मातीत ज्याचा ठसा घ्यावयाचा, तो लाकडी नमुना करणारे. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्यातील अनेकांना या कामानेच भाकरी दिली, हे तरुणांस ठाऊक नसावे. बीड थंड होताना आकसते. मीटरला सुमारे दहा मिलिमीटर. म्हणून नमुनेकाराची पट्टीच निराळी, तेवढी वाढवून आखलेली. शिवाय नमुना मातीतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. म्हातारबाबांनी हे सारे चाळीस वर्षे केले. मुलाला मात्र त्यांनी कामशाळेत पाऊल टाकू दिले नाही. ‘तू कारकून हो, हात काळे करू नकोस,’ असे म्हणाले, आणि तो झालाही. आपल्या किती घरांतून हेच बोल निघाले असतील!

नात पदवी घेऊन पुण्यास एका अभिकल्पकाच्या कचेरीत उमेदवारीस लागली. पहिले काम आले ते फवारणी पंपाच्या टाकीचे. तिने संगणकावर त्रिमितीत सुबक टाकी काढली, मुद्रणयंत्रावर तिची छोटी प्रतिकृतीही काढली. सर्वांनी वाहवा केली. चित्र साचे करणाऱ्याकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. वर लाल पेन्सिलीने एकच शब्द : ‘ड्राफ्ट?’ भिंती सरळ उभ्या होत्या; प्लॅस्टिक साच्यात अडकले असते. आतल्या आधारपट्ट्याही भिंतीइतक्याच जाड होत्या. तेथे बाहेरून खड्डे पडले असते. हे महाविद्यालयात शिकविले नव्हते, असे नाही. परीक्षेत तिने त्यावर गुणही मिळविले होते. पण कागदावरचा एक-दीड अंश हाताला कळलेला नव्हता. रविवारी ती घरी आली, आजोबांपुढे चित्र ठेवले. संगणक म्हणजे काय हे त्यांना आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा सावरला, बोट फिरविले आणि म्हणाले, ‘अगं, सुटणार कशी ही? उतार कुठाय?’

तेव्हापासून ती दर रविवारी कामशाळेत जाते. रंधा, पटाशी, गुण्या हाती धरते. संगणकावर भिंत काढताना तिचा हात आता आपोआप उतार देतो. पंपाचा पट्टा बेतण्यापूर्वी तिने पूर्ण भरलेला पंप पाठीवर घेऊन तासगावकडील एका बागेत अर्धा दिवस काढला. खांद्यावर वळ घेऊन आली आणि पट्ट्याची रुंदी बदलली. आम्हांस विचाराल तर तिची खरी पदवी त्या दिवशीची.

पैशाचे बोलावयास हवे, कारण घरोघर तेच विचारतात. तिचा पगार तिच्याबरोबरच्या संगणक-अभियंत्याच्या निम्मा आहे. या धंद्यात पहिली काही वर्षे अशीच जातात. कारण येथे गुणपत्रिकेपेक्षा केलेल्या कामांचा संग्रह पाहतात, आणि तो एका दिवसात जमत नाही. त्या संग्रहात चकचकीत चित्रांची गर्दी करण्यापेक्षा एखादी वस्तू प्रथम का फसली व मग कशी सुधारली, हे दाखविणारी दोन कामे बरी, असे तिचे वरिष्ठ सांगतात. आणि ते आम्हांस पटते. गणितातही आम्ही उत्तरापेक्षा रीत तपासत होतो.

दुसरा धोका अधिक वाईट. कचेरीत लागण्यापूर्वी एका कारखानदाराने, नाव घेत नाही, ‘आधी नमुना म्हणून चार चित्रे काढून दाखवा’ असे सांगून तिच्याकडून एका घरगुती उपकरणाची चित्रे घेतली. ना पैसे दिले, ना उत्तर. काही महिन्यांनी तशाच घाटाची वस्तू बाजारात दिसली. मुलगी चार दिवस जेवली नाही. तिच्याजवळ ना करारपत्र होते, ना नोंदणी. म्हणून येथे जमलेल्या तरुणांस निक्षून सांगतो. २००० सालचा अभिकल्प अधिनियम आपल्या देशात आहे. वस्तूच्या दृश्य रूपाची नोंदणी प्रथम दहा वर्षांसाठी होते आणि पुढे पाच वर्षे वाढविता येते. परंतु अर्ज करण्यापूर्वी ते रूप जगजाहीर झाले तर नोंदणी मिळत नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात चित्रे सर्वांस दाखवीत सुटू नये. आणि मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या अभिकल्पाचा स्वामी काम करवून घेणारा मानला जातो. म्हणून काय विकले व काय राखले, हे कामापूर्वी कागदावर असावे. सोयरिकीच्या याद्या आपण किती बारकाईने करतो! त्यातील निम्मी बारकाई येथे पुरे.

सोयरिकीचा विषय निघालाच आहे. या मुलीस पाहावयास आलेल्या एका मंडळींनी, ‘म्हणजे पुन्हा सुतारकीच की!’ असे उद्गार काढले. आपलेच लोक होते. वाकस देवघरात ठेवून विश्वकर्म्याची पूजा करावयाची आणि वाकस हाती धरणारी सून मात्र नको, ही पूजा आम्हांस उमगत नाही. याच्या उलट बाजूचाही अतिरेक होतो. ‘हे आपल्या रक्तातच आहे’ असे व्यासपीठावरून ऐकू येते. रक्तात काही नसते. या मुलीच्या वर्गात अनेक जातींची, अनेक प्रांतांची मुले होती, आणि उत्तम काम करीत होती. तिला अधिक मिळाले ते एवढेच की, जाणत्या माणसाची कामशाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. इतर कोणाच्या मुलास ती मिळाली तर तोही तेच शिकेल, आणि त्याने शिकावे.

आता मूळ मुद्दा. ती कामशाळा विकावयास निघाली आहे. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत, आजोबांचे हात थरथरू लागले आहेत, आणि जागेस गिऱ्हाईक आलेले आहे. वडिलांचा दोष आम्ही काढणार नाही. निवृत्तीस चार वर्षे उरलेल्या कारकुनाने कर्ज फेडावे कशाने? मुलगी म्हणते, नोकरी सोडत नाही, पण शेड राहू द्या. शनिवार-रविवार तेथे लहान कारखानदारांची नमुन्यांची कामे घेईन. घरात या गोष्टीवरून दोन महिने अबोला आहे.

आपल्या शिक्षणनिधीतून बिनव्याजी कर्ज मिळते ते वैद्यकी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस. नियम केला त्या काळी दुसऱ्या वाटा कोणास ठाऊक नव्हत्या, म्हणून तसा झाला. आमची सूचना अशी की, त्या नियमात ‘अभिकल्प’ हा शब्द घालावा, ज्यांनी बँकेचे कर्ज आधीच घेतले आहे त्यांसही ते फेडण्यासाठी निधीतून रक्कम द्यावी, आणि उद्यमनगरातील ती शेड संस्थेने पाच वर्षे भाड्याने घेऊन कोणत्याही जातीच्या होतकरू मुलामुलींसाठी आठवड्यातून दोन दिवस उघडी ठेवावी. भाड्याच्या पैशांतून हप्ता निघतो. हिशेब खजिनदारांकडे दिला आहे. म्हातारबाबा शिकविण्यास राजी आहेत. फक्त रंध्याला कोणी विनापरवाना हात लावू नये, ही त्यांची अट आहे.

ठराव दुपारच्या सत्रात चौथ्या क्रमांकावर आहे. विरोध असणाऱ्यांनी तो मोकळ्या मनाने मांडावा. मंडळातील ते सद्गृहस्थही समोरच बसले आहेत. म्हातारबाबांनी केलेले सहा लाकडी नमुने आणि नातीच्या टाकीच्या दोन्ही प्रतिकृती, अडकणारी नि सुटणारी, बाहेरच्या ओसरीवर मांडल्या आहेत. पंगतीस जाताना त्या हातात घेऊन पाहाव्यात.