आईच्या रक्तातला आकडा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावी होऊन तीस वर्षं झाली. मघाशी चहाच्या वेळी जाणवलं, आपल्या गप्पांचे विषय बदललेत. मुलांच्या ॲडमिशनचं बोलून झालं की पुढचा प्रश्न, "आई-बाबा कसे आहेत?" संयोजकांनी मला माझ्या क्षेत्राबद्दल बोलायला सांगितलं आहे. कर्जाची जोखीम मोजणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. पण जोखमीचा आकडा कसा वाचायचा, हे मला गेल्या वर्षी आईच्या आजारपणात कळलं. तेच सांगते.

आई ७१ वर्षांची. इथे मुलुंडलाच तिचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन ती घरात चालायला लागली होती. दहाव्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना तिला धाप लागली. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे, होईल कमी." पोटरी सुजली होती. ऑपरेशनचाच पाय, सूज असणारच, असं मीच ठरवून टाकलं. दोन दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सकाळी उठताना तिला चक्कर आली, तेव्हा कुठे आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. ते दोन दिवस मी घालवले, दुसऱ्या कुणी नाही.

निदान झालं पल्मोनरी एम्बोलिझमचं. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. हृदयाच्या उजव्या बाजूला एरवी कमी दाबावर काम करायची सवय असते. पुढची वाट अचानक अडली की तिच्यावर ताण येतो. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा ही बाजू थकल्यामुळे.

इथे रक्ताच्या तपासण्या दोन वेगळे प्रश्न सोडवतात. गुठळी असण्याची शक्यता आहे का, यासाठी डी-डायमर. पण ऑपरेशननंतर तो तसाही वाढलेला असतो, म्हणून आईचा थेट सीटी स्कॅन केला. गुठळी सापडल्यावर धोका किती, यासाठी ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की एनटी-प्रोबीएनपी वाढतं.

आईचं ट्रोपोनिन वाढलेलं होतं. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर शोधायला लागले. २० अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक विश्लेषण सापडलं. ट्रोपोनिन वाढलेल्या ६१८ रुग्णांपैकी १२२ दगावले होते, न वाढलेल्या १३६७ पैकी ५१. म्हणजे १९.७ टक्के आणि ३.७ टक्के. मी न्यू जर्सीला दादाला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "तू निघ."

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असतील. मी त्यांना माझा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही आधी रक्तदाब बघतो. तो कोसळला असता तर ट्रोपोनिनसाठी थांबलोच नसतो." मग त्यांनी सहा प्रश्न सांगितले. वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, नाडी ११० किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, ऑक्सिजन ९० च्या खाली. यातलं काहीच नसेल तर महिन्याभरात मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्का. आईची नाडी ११८ होती, शिवाय इकोत उजवी बाजू फुगलेली आणि ट्रोपोनिन वाढलेलं. म्हणजे धोका मध्यम, पण त्यातली वरची पायरी. "म्हणून त्यांना वॉर्डात न ठेवता इथे ठेवलंय," त्या म्हणाल्या.

मग गुठळी विरघळवणारं औषध का देत नाही? मी विचारलंच. अशाच सुमारे १००० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्या औषधाने पहिल्या आठवड्यात प्रकृती ढासळण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ५.६ वरून २.६ टक्क्यांवर आलं, पण पक्षाघाताचं ०.२ वरून २.४ वर गेलं. त्यात आईची जखम बारा दिवसांची. म्हणून हेपॅरिन आणि मॉनिटरवर डोळा. रक्तदाब घसरला तरच पुढचं औषध.

तेव्हा मला गणिताच्या बाई आठवल्या. एकक लिहिलं नाही की बाई अर्धा गुण कापायच्या आणि विचारायच्या, "आकडा आहे, पण कशाचा?" १९.७ कशाचे, हे मी वाचलंच नव्हतं. तो एका मोठ्या गटाचा आकडा होता, त्यात रक्तदाब कोसळलेलेही रुग्ण होते, आणि पाचातले चार जगले होते. बँकेकडे हजारो कर्जं असतात, तिथे सरासरी कामाची. मला आई एकच. ती जगेल की नाही, हे तो आकडा सांगत नव्हता. तिची खाट कुठे ठेवायची आणि तिच्याकडे किती वेळा बघायचं, एवढंच सांगत होता. बाई, तीस वर्षांनी तो अर्धा गुण कळला.

तिसऱ्या दिवशी आई आयसीयूतून बाहेर आली. दादाला बघून तिचं पहिलं वाक्य होतं, "एवढं महागाचं तिकीट काढून कशाला आलास?"

आता एक विनंती. हे सगळं गणित रुग्ण हॉस्पिटलात पोचल्यावर सुरू होतं. माझे ते दोन दिवस कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. आपल्या लोकांत हा आजार क्वचितच होतो, असं पूर्वी मानलं जायचं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये १००० प्रौढांच्या शवविच्छेदनांत तो सुमारे १६ टक्के जणांत आढळला. तेव्हा ऑपरेशन, फ्रॅक्चर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर ग्रुपवर विचारत बसू नका. घरातल्या घरात रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नका. लगेच रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटल गाठा.