हिशेब आपल्याही हाती हवा



१८७० साली खामगावला रेल्वे आली, ती वऱ्हाडचा कापूस झपाट्यानं मुंबई बंदराकडे न्यायला. आज त्याच धंद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कोणता सदरा कुठं किती खपला हे पाहून मोठ्या कंपन्यांचा संगणक पुढं किती माल लागेल, कोणत्या गोदामातून हलवायचा, याचा अंदाज आधीच बांधतो. घेणाऱ्याला उद्याची मागणी दिसते. आपण गाडी बाजार समितीत उभी करून मग भाव विचारतो.

यंत्राला आमची ना नाही. ती माहिती आमच्यापर्यंतही यावी, ही आमची मागणी आहे. तोवर गावात ओलावामापक घेऊ. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही, तो घरीच मोजू. वेचणीवार कापूस वेगळा ठेवू, वजन लिहू, गावोगावचे भाव एकमेकांना कळवू. तेव्हाच सौदा बरोबरीचा होईल!