आधी टोपली चढू द्या



अन्नसुरक्षा म्हटली की आपण बियाणं, खत, हमीभाव, रेशन यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. आज मात्र या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मी रस्ता आणि गाडी यांवर बोलणार आहे. कोरपना तालुक्याच्या मातीत पिकलेलं कोरपन्याच्याच ताटात येताना अडतं, ते बरंचसं तिथेच.

वाहतुकीत आपला भाग मागासलेला आहे असं कुणी म्हणू नये. गडचांदूर, आवारपूर, नारंडा, उपरवाही, सगळीकडे सिमेंटचे कारखाने. चुनखडी, कोळसा, सिमेंट रात्रंदिवस हलत असतं. त्यासाठी माणिकगड स्थानकाहून गडचांदूरपर्यंत रूळ आले. दगडाची सोय झाली, भाजीची कुणी विचारातच घेतली नाही.

जिवतीच्या पहाडावरच्या गुड्यातून बाई अंधारातच निघते. डोक्यावर डाल, तिच्यात बरबटी, भेदरं, वर ओल्या फडक्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर. फाट्यापर्यंत पायी. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की डाल टपावर जाते, तिचं भाडं वेगळं. वर ऊन, मागून ट्रकांचा धुरळा. बाजारात पोचेस्तोवर सांबारानं मान टाकलेली असते. मग परतीची गाडी चुकू नये म्हणून ती सगळा माल ठोक घेणाऱ्याला, तो देईल त्या भावात, देऊन मोकळी होते. शेजारच्या दुकानात रातोरात ट्रकनं आलेली दूरची भाजी टवटवीत दिसते, कारण तिच्यामागे अडत्याचं भांडवल आणि स्वतःची गाडी असते. आपल्या बाईचा माल कमअस्सल नव्हता. तो फक्त उशिरा पोचला.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेनं २०१५ साली काढणीनंतरच्या नासाडीचा अभ्यास मांडला. फळं आणि भाजीपाल्यात ती पिकानुसार साडेचार ते जवळपास सोळा टक्के भरली. सगळी नासाडी वाटेवरच होते असं नाही. पण जी होते तिच्यात शेतकऱ्याचे कष्ट जातात, पाणी जातं आणि जाळलेलं डिझेलही वाया जातं.

अन्न आहे आणि पोचत नाही, याचा सर्वांत भीषण धडा बंगालनं दिला. जपानी सैन्य येईल या भीतीनं १९४२ साली इंग्रज सरकारनं किनारी भागातल्या हजारो होड्या ताब्यात घेतल्या, मोडून टाकल्या. तांदूळ आणि मासळी होडीनंच हलत असे. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. कारणं अनेक होती, पण वाहतूक तोडणं हे त्यांतलं एक होतं. आपल्या शेजारी गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. म्हणून तिथे पावसाळ्याआधीच पुढच्या महिन्यांचं रेशन पोचवून ठेवतात. ही दूरदृष्टी धान्यापुरतीच का राहावी?

उपाय आपल्या हाताशी आहेत. पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघाली. त्याच वर्षी नागपूरची संत्री रेल्वेनं दिल्लीला गेली. टनामागे रेल्वेला ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागतं. मग गडचांदूरच्या मालगाडीला हंगामात भाजीचा एक डबा जोडायला काय हरकत आहे? एस.टी.नंही २०२०च्या टाळेबंदीत मालवाहतूक सुरू केली. तोच विचार बाजाराच्या दिवशी पहाडावरच्या गाड्यांत आणावा: मागची चार आसनं काढून डालींना जागा, भाडं ठरलेलं आणि फलकावर लिहिलेलं. फाट्यापर्यंतच्या वाटेसाठी बचत गटांना बॅटरीवरची छोटी मालवाहू गाडी द्यावी. मात्र ती घेण्याआधी भरल्या वजनासह माणिकगड पहाडाचा चढ चढवून पाहा. सपाटीवरच्या चाचणीवर विसंबू नका. बैलबंडीलाही मोडीत काढू नका. तीन-चार किलोमीटरसाठी तिच्याइतकं स्वच्छ वाहन नाही. तिला हवा आहे तो ट्रकांपासून वेगळा, मुरूम टाकलेला पट्टा.

१९५६पर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि आजही आपला कापूस आदिलाबादच्या बाजारात जातो. त्यामुळे भाजीच्या गाडीचा विचार राज्याच्या हद्दीशी थांबवून चालणार नाही. तेलंगणाच्या परिवहन महामंडळालाही सोबत घ्यावं लागेल.

कारखान्यांना माझी विनंती आहे, आणि ती हक्काची आहे. सामाजिक निधीतून सभागृहं बांधता, बांधा. पण बाजाराच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ तुमचे ट्रक पहाडाच्या फाट्यावर थांबवा. या संमेलनाच्या ठरावांत हा पहिला असावा, आणि तो आजच सायंकाळी मताला टाकावा.